कोरं झाकण

१

शनिवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आमच्या दुकानातली चोरी उघडकीला आली. चोरीला गेलं होतं काय, तर एकतीस स्टिकर.

तुम्ही हसाल. पण त्या वेळी दुकानात कोणालाच हसू येत नव्हतं. काउंटरपाशी दातांच्या डॉक्टरांची मुलगी उभी होती. तिच्या हातात तिचाच लॅपटॉप होता आणि त्याचं झाकण नुकत्याच घासलेल्या ताटासारखं कोरं करकरीत होतं.

"काका," ती मला म्हणाली, "हे काय?"

मी लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला. जणू स्टिकर घसरून खालच्या बाजूला गेले असतील.

आमचं दुकान जुन्या लॅपटॉपचं. घ्यायचे, दुरुस्त करायचे, विकायचे. काउंटरवर मी असतो आणि मागे खिडकीपाशी वहिनी. माझा मोठा भाऊ शाळेत शिकवतो, त्याला स्क्रू कोणत्या बाजूला पिळायचा तेही ठाऊक नाही. वहिनींचं मात्र या धंद्यात नाव आहे. हेअर ड्रायर, एक गुळगुळीत झालेलं प्लास्टिकचं कार्ड, तेलाची बाटली आणि उजव्या अंगठ्याचं नख, एवढ्या सामग्रीवर त्या कसलाही स्टिकर काढतात. दुसरे लोक स्टिकर खरवडतात. वहिनी तो उठवतात, झोपलेल्या बाळाला उठवावं तसा, न फाडता, न चुरगळता.

डॉक्टरांचा दवाखाना आमच्यापासून दोन दारं सोडून. खाली दवाखाना, वर घर. घरात तिघं: डॉक्टर, त्यांची मोठी बहीण, म्हणजे सगळ्या गल्लीची आत्या, आणि ही मुलगी. हिची आई ही लहान असतानाच गेली. सापडेल ते गोळा करून जपून ठेवायची हिची सवय, म्हणून घरचे हिला खारू म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणतो. खारूला दूरच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. रविवारी दुपारी ती निघणार होती. जुना विकून येणारे पैसे धरून तिनं नवा लॅपटॉप आधीच घेतला होता.

सोमवारी ती जुना घेऊन आली तेव्हा मी नेहमीसारखं कार्ड भरलं. पाच वर्षं जुना, खिडकीजवळच्या टेबलावर वापरलेला, उजव्या कोपऱ्याला पोचा, जिन्यावरून पडल्याचा. झाकणावर एकतीस स्टिकर. मी स्पष्टच सांगितलं, "हे असं ठेवलंस तर किंमत अर्धी. घेणाऱ्याला तुझ्या आठवणी नको असतात गं, यंत्र हवं असतं."

"काढले तर?"

"काढले तरी सावल्या राहणार," वहिनी मागून म्हणाल्या. "स्टिकरखालचा भाग उन्हापासून आणि ओरखड्यांपासून वाचतो. काढला की तिथे मूळ रंग दिसतो, त्याच आकाराचा. तेलानं जात नाही, कशानंच जात नाही. वरून काळी स्किन, म्हणजे चिकटणारं आवरण, लावून देऊ. मग चांगली किंमत येईल."

"आणि स्टिकर?"

"एकेक अख्खा काढून बटर पेपरवर लावून देते. वहीत ठेव आणि घेऊन जा."

खारूनं तिथल्या तिथे शनिवारी दहाची वेळ ठरवली आणि तोवर लॅपटॉप घरी नेला. आणि आता शनिवारी दहा वाजता झाकण कोरं होतं, आणि बटर पेपरवर काहीच नव्हतं.

तिनं पिशवी उलटी करून झटकली. मग मागच्या टेबलाकडे बघितलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला.

"काकू, पिशवी कालपासून तुमच्याकडे होती. आणि इतकं स्वच्छ तुमच्याशिवाय कोणाला काढता येतं?"

२

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघांनीही आपापल्या हातातल्या चार्जरमध्ये एकाएकी भलताच रस घ्यायला सुरुवात केली.

मला राग आला. पण वहिनी उठून आल्या, लॅपटॉप घेतला, झाकणावरून अंगठा फिरवला, तिरका धरून उजेडात पाहिला. कपाळावर एक आठी आली आणि गेली.

"मी नाही काढले," त्या म्हणाल्या. "पण माझ्या शब्दावर विश्वास ठेव असंही म्हणत नाही. संध्याकाळी पाचपर्यंत वेळ दे मला."

"उद्या दुपारी माझी गाडी आहे, काकू."

"माहितीये. म्हणून तर पाच म्हणाले."

खारू डोळे पुसत स्टुलावर बसली. तेवढ्यात लॅपटॉप घेणारे गृहस्थ आले. ते जमिनीची मोजणी करतात. आम्ही त्यांना मोजणीदार म्हणतो. ते खिशात टेप घेऊन फिरतात आणि पडद्याची लांबी कंपनीनं सांगितलेली खरी की खोटी तेही स्वतः मोजून घेतात. झाकण पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"वा! टापटीप! म्हणजे आता स्किनचीही गरज नाही!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. याला झाकण स्वच्छ हवं होतं. हा काल दुपारच्या आधी येऊन गेला होता. मी चहा सांगायला बाहेर गेलो होतो, तेवढी दहा मिनिटं हा दुकानात एकटा होता, पिशवीशेजारी!

"साहेब," मी शक्य तितक्या थंड आवाजात विचारलं, "काल तुम्ही या पिशवीला हात लावलात?"

मोजणीदार गोरेमोरे झाले. टेप एकदा ओढली, सोडली. मग म्हणाले, "लावला. चेन उघडून जरा आत पाहिलं. माझं चुकलं. पण वस्तू आपण घेणार म्हटल्यावर राहवत नाही हो."

"आणि?"

"आणि काय? झाकण स्वच्छ होतं! मला वाटलं, तुम्ही वेळेआधीच काम उरकलंत. मनात म्हटलं, माणसं कामाची आहेत." त्यांनी खिशातून वही काढली. "हे बघा, मी नोंद केलीये. शुक्रवार, अकरा दहा. झाकण उत्तम."

शुक्रवारी अकरा दहाला वहिनी आमच्या धाकट्याच्या शाळेत पालकसभेला बसल्या होत्या. दुकानात त्या आल्या साडेबाराला. आणि पिशवी आत्यांनी आणून दिली होती साडेदहाला. चाळीस मिनिटांत एकतीस स्टिकर काढणं तर वहिनींनाही जमलं नसतं, मग मला काय जमणार! म्हणजे पिशवी दुकानात आली तीच मुळी कोरं झाकण घेऊन.

मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. "वहिनी, सुटलो आपण!"

"दुकान सुटलं, भावोजी. स्टिकर कुठे सापडलेत?" वहिनी म्हणाल्या. त्या खारूकडे बघत होत्या.

खारूचं रडू थांबलं होतं, पण चेहरा मघापेक्षा जास्त उतरला होता.

"बुधवारी संध्याकाळी मी स्वतःच्या हातानं पिशवीत घातला," ती हळूच म्हणाली. "तेव्हा सगळे होते. मग पिशवी खाली दवाखान्याच्या कपाटात ठेवली. शुक्रवारी सकाळी आत्यानं आणून दिली. म्हणजे काकू... हे आमच्या घरातल्याच कुणीतरी केलंय."

३

मोजणीदारांना संध्याकाळी या म्हणून वाटेला लावलं. खारूला वहिनींनी आपल्या टेबलाशी बसवलं आणि नव्या लॅपटॉपवर तिची कागदपत्रं नीट आलीत का ते बघायला सांगितलं. काम असलं की माणूस कमी रडतो, असं त्यांचं मत आहे.

मग त्यांनी मला बाजूला बोलावलं. "भावोजी, जरा वास घ्या."

"कशाचा?"

"पडद्याच्या कडेचा. इथे, बिजागरीपाशी."

मी नाक टेकवलं. धूळ, प्लास्टिक आणि... "लवंग!"

"माझ्या तेलाला लवंगेचा वास नाही. बाजारात स्टिकर काढायचं जे मिळतं, त्यालाही नाही."

मला आणखी काही ऐकायची गरज नव्हती. सगळ्या गल्लीला माहीत होतं की आत्यांची दाढ गेले दोन महिने दुखत होती. सख्खा भाऊ दातांचा डॉक्टर, पण आत्या त्याला तोंड दाखवायला तयार नव्हत्या. "लहानपणी मी याचा शेंबूड पुसलाय, हा काय माझी दाढ काढणार," असं म्हणून त्या लवंगेचं तेल लावून बसायच्या. त्यातून आत्या म्हणजे स्वच्छतेचा कहर. नव्या बरणीवरचं लेबल गेल्याशिवाय त्या बरणीत साखर भरत नाहीत.

"वहिनी, गुन्हेगार सापडला," मी म्हणालो. "चला."

आत्यांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या गालात बोळा होता. मी सरळ मुद्द्यालाच हात घातला.

"आत्या, खरं सांगा. खारूच्या लॅपटॉपवरचे स्टिकर तुम्ही काढलेत. लवंगेच्या तेलानं."

आत्यांनी आधी बोळा काढला. मग कमरेवर हात ठेवले. गोष्टी या क्रमानं झाल्या की समजावं, आता आपलं काही खरं नाही.

"मी? लवंगेच्या तेलानं? एवढी महाग बाटली मी त्या डबड्यावर ओतीन? अरे, मला काढायचे असते तर घासणी घेतली असती, भांड्याची पावडर घेतली असती आणि पाच मिनिटांत काढले असते! बघितलीस कधी मी साफ केलेली वस्तू? ओरखडे दिसतात तिच्यावर, ओरखडे! कष्ट दिसतात!"

वहिनींनी माझा शर्ट मागून ओढला. "आत्या, यांचं मनावर घेऊ नका. पिशवी तुम्ही दिलीत ना आणून?"

"दिली. कपाटातून काढली आणि दिली. उघडलीसुद्धा नाही." आत्यांचा आवाज उतरला. "पोरीचे सगळे गेले का? त्यातला एक देवमासा होता निळा. पोहायला शिकली त्या दिवशी आणला होता. मला वाटायचं, निदान तो मागून घ्यावा."

"मागितला का नाहीत?"

"कसा मागणार? तिच्या बापानं घर डोक्यावर घेतलं असतं. रोज जेवताना त्याचं तेच. हा लॅपटॉप आहे की जाहिरातीचा फळा? अर्धी किंमत घालवलीस, चार लोकांत बरं दिसतं का! पाच वर्षं ऐकतेय मी."

"डॉक्टर गुरुवारी घरीच होते? दवाखाना बंद असतो ना गुरुवारी?"

"बंद होता. तरी सकाळपासून खालीच. औजारं लावतोय म्हणे. जेवायलासुद्धा दोनदा हाक मारावी लागली." आत्या थांबल्या. त्यांचे डोळे बारीक झाले. "ए, म्हणजे त्यानंच...?"

जिन्यावरून उतरताना मी वहिनींना म्हणालो, "झालं की! किमतीसाठी बापानं स्टिकर सोलून फेकून दिले. लवंग दवाखान्यातलीच. बिचारी पोरगी."

वहिनी शेवटच्या पायरीवर थांबल्या.

"भावोजी, तुम्ही मघापासून एकच गोष्ट धरून चालला आहात. आणि तीच चूक आहे."

"कोणती?"

"की स्टिकर काढले."

४

दुकानात परतल्यावर वहिनींनी लॅपटॉप खिडकीखाली ठेवला आणि सोमवारचं कार्ड मागितलं. खारू समोर होतीच.

"खारू, हा पाच वर्षं कुठे असायचा?"

"माझ्या टेबलावर. खिडकीत."

"ऊन?"

"दुपारी भरपूर."

"मग सावल्या कुठे आहेत?" वहिनींनी झाकण तिरकं केलं. "एकतीस स्टिकर होते. एकतीस सावल्या हव्यात. इथे एकही नाही. सकाळी अंगठा फिरवला तेव्हाच मला खटकलं. आणि हे बघा, बारीक रेघा. नेहमीच्या वापरानं पडतात तशा. सगळीकडे सारख्या आहेत, अगदी मधोमधसुद्धा. स्टिकरखाली रेघा पडतील कशा?"

मी वाकून पाहिलं. खरंच होतं.

"आता पोचा." त्यांनी कार्डावर बोट ठेवलं. "जिन्यावरून पडला तो उजव्या कोपऱ्यावर. खालच्या भागाला इथे पोचा आहे. वर झाकणाचा कोपरा बघा."

झाकणाचा कोपरा कसा, नवाकोरा म्हणावा तसा टोकदार होता.

"म्हणजे हा लॅपटॉपच माझा नाही?" खारू घाबरून म्हणाली.

"तुझाच आहे. कळफलक तुझा, पडदा तुझा, खालची बाजू तुझी. फक्त मागचं झाकण दुसऱ्या लॅपटॉपचं आहे. याच मॉडेलच्या, कुठल्यातरी जुन्या." वहिनींनी छोटा स्क्रू ड्रायव्हर घेतला, पडद्याभोवतीची पट्टी नखानं सोडवली. आत बिजागरीपाशी एका स्क्रूची प्लास्टिकची खोबण तुटलेली होती आणि ती कसल्याशा पांढरट, टणक लेपानं जोडलेली होती. इतकी सफाईदार की मीही थक्क झालो. पट्टी उघडताच लवंगेचा वास दुकानभर पसरला.

"स्टिकर कुणी काढलेच नाहीत," वहिनी म्हणाल्या. "ते होते तिथेच आहेत, झाकणावर. झाकण गेलंय."

मी डोकं खाजवलं. "पण स्टिकरवाल्या झाकणाचं कोण काय करणार? विकायला गेलं तर कुणी फुकट घेणार नाही!"

"तेच म्हणतेय मी. ज्याला स्टिकर नकोच होते, त्यानं सोलून टाकले असते. नखानं, पत्तीनं, आत्यांच्या घासणीनं. अर्ध्या तासाचं काम. या माणसानं मात्र आधी जुळणारं झाकण शोधून आणलं. मग पडदा सोडवला, तारा सोडवल्या, बिजागऱ्या काढल्या, सगळं परत बसवलं. सवय नसेल तर दिवस जातो. कशासाठी? एकाही स्टिकरला धक्का लागू नये म्हणून."

त्या खारूकडे वळल्या. "तुझ्या वस्तूंची इतकी काळजी कोण करतं?"

खारू गोंधळली. "कोणी नाही. आत्याला पसारा वाटतो. आणि बाबांना तर ते डोळ्यांसमोर नको असतात."

"ते पाचच्या आत बघते मी," वहिनी म्हणाल्या आणि पदर खोचला. "भावोजी, चला. माझी दाढ दुखतेय."

"कधीपासून?"

"दुखायला लागेल तिथे पोचेपर्यंत."

५

दवाखान्यात कोणी नव्हतं. डॉक्टरांनी वहिनींना खुर्चीत बसवलं, वरचा दिवा ओढला आणि डोळ्यांना भिंगाचा चष्मा लावला. उंच, कमी बोलणारा माणूस. बोलले तरी तोंडावरच्या मास्कमधून.

"कुठली दाढ?"

"डॉक्टर, तोंड उघडलं की मला बोलता येणार नाही. म्हणून आधीच विचारते," वहिनी म्हणाल्या. "तो लवंगेचा वास कशाचा येतो हो तुमच्याकडे?"

"तात्पुरत्या सिमेंटचा. दात कोरला की वरून भरतात. पावडर आणि लवंगेचा अर्क. घट्ट बसतं."

"प्लास्टिकवर बसतं?"

डॉक्टरांच्या हातातला तपासायचा आरसा ट्रेवर पडला. दवाखाना लहान. आवाज मोठा झाला.

"फार सुरेख जोडलंय तुम्ही," वहिनी पुढे म्हणाल्या. "माझ्या हातूनही ती खोबण त्याहून चांगली झाली नसती. स्क्रू सगळे जागच्या जागी आहेत. पहिल्यांदाच उघडलात ना?"

डॉक्टरांनी मास्क खाली केला. भिंतीतल्या कपाटापाशी गेले, रुग्णांच्या फायली बाजूला सारल्या आणि मागून ते झाकण काढलं. एकतीसच्या एकतीस. निळा देवमासा, फुटलेलं अंडं, पंख फुटलेली पेन्सिल, अर्धवट फाटलेली लाल बस. पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं.

"एका व्हिडिओत बघितलं कसं करायचं ते," ते म्हणाले. "जुनं झाकण तुमच्याकडे मागितलं असतं तर तिला कळलं असतं. म्हणून तीन बस बदलून सुट्या भागांच्या बाजारात गेलो. मला वाटलं, शनिवारी तो माणूस परस्पर घेऊन जाईल. तुम्हाला वाटेल घरी साफ केलं, घरी वाटेल दुकानात केलं. कुणी विचारणार नाही."

"पण चोरी कशाला? तुमच्याच मुलीचं होतं," मला राहवलं नाही.

"सोमवारी आत्याला सांगत होती, शनिवारी सगळे काढून टाकायचेत म्हणून." त्यांनी अंड्याच्या स्टिकरवर बोट ठेवलं. "हे तिनं पहिल्यांदा स्वयंपाक केला तेव्हाचं. तवा जळला होता. ही बस, एकटी पहिल्या सहलीला गेली तेव्हाची. ही पेन्सिल चित्राला बक्षीस मिळालं त्या दिवशी, मार्चमध्ये, बुधवार होता. मला सांगितलं नव्हतं तिनं. संध्याकाळी झाकणावर बघूनच कळलं. मला सगळं तिथूनच कळायचं हो. दहा वर्षांची असताना शाळेतून आली की तास तास बोलायची. मोठी झाली आणि दार बंद व्हायला लागलं. रात्री जेवताना मात्र लॅपटॉप टेबलावर घेऊन यायची. नवीन काही चिकटलं की समजायचं, आज काहीतरी झालंय."

त्यांनी झाकण छातीशी धरलं होतं, एक्स-रेसाठी धरतात तसं.

"तिला सांगू नका," ते म्हणाले. "हसेल मला."

"मी नाही सांगणार," वहिनी खुर्चीतून उतरल्या. "तुम्ही सांगणार आहात. भावोजी, खारूला हाक मारा."

६

खारू आली. मागोमाग आत्याही आल्या, कारण जिन्यात उभं राहून जेवढं ऐकू येतं तेवढं त्यांनी ऐकलं होतं आणि पुढचं ऐकू येत नव्हतं.

डॉक्टरांनी झाकण पुढे केलं, बस्स.

खारूनं आधी झाकणाकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग बापाकडे. एखाद्या अवघड गणिताचं उत्तर मागून पुढे वाचावं तसं तिच्या चेहऱ्यावर एकेक उमटत गेलं.

"बाबा, तुम्हाला हे आवडायचे?"

डॉक्टरांनी मान हलवली.

"मग रोज कटकट कशाला करायचात?"

"तेवढंच बोलणं व्हायचं ना आपलं," डॉक्टर म्हणाले. "मी म्हणायचो फळा, तू म्हणायचीस राहू दे. मग कुठला नवीन ते सांगायचीस, रागानं का होईना."

आत्यांनी गालातला बोळा काढून मुठीत धरला.

"मी फेकून देणार नव्हते," खारू म्हणाली. "काकू एकेक अख्खा काढून देणार होत्या. वहीत ठेवून घेऊन जाणार होते."

"मग घेऊन जा. आत्ताच काढून द्या म्हणावं त्यांना."

"नको." खारूनं झाकण परत त्यांच्या हातात दिलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. "वहीत घालून मी ती वही कपाटात ठेवली असती. इथे निदान रोज उघडून बघाल. फक्त देवमासा आत्याला द्या. तिला हवाय, पण बोलणार नाही."

"मी कधी म्हटलं!" आत्या म्हणाल्या आणि लगेच पुढे झाल्या.

तो एक स्टिकर वहिनींनी तिथेच काढला, दवाखान्यातल्या गरम हवेच्या यंत्रानं. डॉक्टर भिंगाचा चष्मा लावून शेजारी उभे राहून शिकत होते. तेवढ्यात, सगळ्यांचं मन मऊ झालेलं बघून, त्यांनी आत्यांना हळूच विचारलं, "दाढ बघू का?" आत्या देवमासा बघण्यात इतक्या रमल्या होत्या की त्यांनी तोंड उघडलं.

पाच वाजता मोजणीदार आले. वहिनींनी कार्डावर स्वच्छ लिहिलं होतं: झाकण बदललेलं, एक खोबण जोडलेली. मी कुजबुजलो, "वहिनी, किंमत उतरेल." त्या म्हणाल्या, "उतरू दे." मोजणीदारांनी कार्ड दोनदा वाचलं, झाकणाच्या चारी कडा टेपनं मोजल्या, पट्टी उघडायला लावून जोड पाहिला आणि म्हणाले, "लिहून देणारा दुकानदार मला आजपर्यंत भेटला नव्हता. ठरली तीच किंमत देतो." जाताना त्यांनी विचारलं, लेपाला लवंगेचा वास का येतो. मी म्हणालो, "लांबलचक गोष्ट आहे." ते स्टुलावर बसले. सांगावी लागली.

रविवारी सकाळी खारू नवा लॅपटॉप घेऊन निरोप घ्यायला आली. डॉक्टरही आले, रविवारचे कपडे घालून. काउंटरच्या बाजूला आमच्या विक्रीच्या स्टिकरचा स्टँड आहे, फिरणारा. डॉक्टर त्यापाशी उभे राहिले आणि तो फिरवायला लागले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. रॉकेट बघितलं, ठेवलं. मांजर बघितलं, ठेवलं. खारू घड्याळाकडे बघत होती, पण त्यांना घाई करत नव्हती.

शेवटी त्यांनी एक निवडला. जबडा पूर्ण उघडलेला पाणघोडा.

"याच्या दाढा बरोबर काढल्यात," ते म्हणाले. "बाकी सगळे प्राणी चुकीचे आहेत."

"बाबा, तुम्हीच लावा."

केसाएवढ्या भोकात पंचवीस वर्षं काम करणारा तो हात. पण नव्या कोऱ्या झाकणावर स्टिकर टेकवताना तो असा काही थरथरला की पाणघोडा चांगलाच तिरका बसला, उतारावरून घसरल्यासारखा.

"वाकडा झाला," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "काकू सरळ करून देतील. आणि खरं तर लावूच नये, पुढे विकताना किंमत..."

वहिनींचा हात ड्रायरकडे गेलाच होता. खारूनं लॅपटॉप झटकन ओढून पोटाशी धरला.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "कोणी पण."

आणि तसाच उघडा, पिशवीत न घालता, काखेत धरून ती बाहेर पडली. डॉक्टर तिची बॅग उचलून मागे निघाले. रस्त्याच्या वळणापर्यंत मला दिसत होतं, दोघं जोरजोरात भांडत चालले होते. तो पाणघोडा वाकडा आहे की मुद्दाम तसा लावलाय, यावरून.